धर्मसुधारणेचा चित्रकार : लूकस क्रानाख

ऑक्टोबर महिना संपत आला की आपल्या मंडळ्यांतून धर्मसुधारणेची आठवण निघते. मार्टिन ल्यूथरचे नाव घेतले जाते, मेलँक्थॉनचे घेतले जाते, क्वचित कॅल्विन आणि झ्विंग्ली यांचेही. शब्बाथ शाळेतील लहान मुलांना हातोडा, खिळा आणि चर्चचे दार एवढे तरी ठाऊक असतेच. परंतु ल्यूथरचा चेहरा ज्याच्यामुळे जगाला ठाऊक झाला, त्या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेले असेल. काळी टोपी, भरलेला चेहरा, रोखून पाहणारे डोळे, हे ल्यूथरचे जे रूप आपण पुस्तकांवर व दिनदर्शिकांवर पाहतो, ते विटेनबर्ग येथील एकाच कारखान्यातून बाहेर पडले. त्या कारखान्याचा धनी लूकस क्रानाख हा होय.

त्याच कारखान्यातून आणखी एका जातीची चित्रे बाहेर पडली. पोप, कार्डिनल आणि मठवासी यांची टर उडवणारी ती चित्रे होती. आपल्या पुस्तकांतून त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. थोडा संकोच वाटत असावा. पण क्रानाखचे चरित्र सांगायचे आणि ही चित्रे वगळायची, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

लूकसचा जन्म १४७२ साली जर्मनीतील क्रोनाख या गावी झाला. गावाच्या नावावरूनच पुढे त्याला क्रानाख म्हणू लागले. बाप हान्स हाही चित्रकार होता, म्हणजे धंदा घरातलाच. तिशीच्या सुमारास तो व्हिएन्ना येथे काम करीत होता. १५०५ साली सॅक्सनीचा इलेक्टर सुज्ञ फ्रेडरिक याने त्याला विटेनबर्ग येथे आपला दरबारी चित्रकार म्हणून बोलावून घेतले. (इलेक्टर म्हणजे सम्राटाची निवड करण्याचा हक्क असलेला राजा. जर्मनीत असे सातच होते.) वर्षाला १०० गुल्डेन पगार ठरला. १५०८ साली राजाने त्याला मानचिन्ह बहाल केले. त्यावर पंख असलेला आणि तोंडात अंगठी धरलेला साप होता. पुढे क्रानाख आपल्या चित्रांवर सहीच्या जागी हाच छोटा साप काढू लागला.

दरबारी चित्रकाराने काय काय करावे, तर सर्व काही. राजाची व राणीची चित्रे, शिकारीचे देखावे, वाड्याच्या भिंती, निशाणे, लग्नसमारंभाची सजावट, वेदीवरची पवित्र चित्रे. क्रानाखचा हात विलक्षण जलद होता. मदतीला शिकाऊ मुले व कारागीर असत. एका राजाच्या मृत्यूनंतर दोन इलेक्टर बंधूंच्या छोट्या चित्रांच्या साठ जोड्या एकदम मागवण्यात आल्या, आणि त्या त्याने पुऱ्या केल्या. आज जगभरच्या संग्रहालयांत त्याच्या कारखान्याची हजारावर चित्रे आहेत. असा माणूस व्यवहारातही मागे कसा राहील? विटेनबर्गमध्ये त्याची घरे झाली. १५२० साली त्याला औषधांच्या दुकानाचा परवाना मिळाला. द्राक्षारसाची विक्री, कागदाचा व्यापार, छापखाना, सर्व ठिकाणी त्याचा हात होता. तो नगरसभेचा सभासद झाला आणि १५३७ पासून तीन वेळा नगराध्यक्षही झाला. शहरातील सर्वांत श्रीमंत नागरिकांत त्याची गणना होई.

आता एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजा फ्रेडरिक याला संतांचे पवित्र अवशेष जमवण्याचा मोठा नाद होता. हाडे, दात, केस, वस्त्रांचे तुकडे, काट्यांच्या मुकुटातला म्हणून सांगितलेला एक काटा, असे ५००५ अवशेष १५०९ सालापर्यंत त्याच्याजवळ जमले होते. पुढे दहा-अकरा वर्षांत ही संख्या १९००० च्या घरात गेली. वर्षातून एकदा ते लोकांसमोर मांडले जात. ते पाहून ठरलेले विधी करणाऱ्याला शुद्धिस्थानातील शिक्षेतून इतक्या इतक्या वर्षांची सूट मिळते, असे शिकवले जाई. १५०९ साली या अवशेषांचे सचित्र पुस्तक छापण्यात आले. सोन्याचांदीच्या शंभरावर पात्रांची ती चित्रे कोणी काढली? लूकस क्रानाखने. ज्या श्रद्धेवर पुढे त्याच्या ठशांनी घाव घातले, तिची जाहिरातही आधी त्याच हाताने केली होती. त्याला दोष देण्यासाठी हे मी सांगत नाही. त्या वेळी ल्यूथर हा विटेनबर्गमध्ये कोणाला माहीत नसलेला एक तरुण मठवासी होता, आणि सगळे शहरच असे वागत होते.

ल्यूथर आणि क्रानाख यांची मैत्री केव्हा जुळली याची नेमकी तारीख नाही. पण १५२० साली क्रानाखची मुलगी आना हिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ल्यूथर धर्मपिता म्हणून उभा होता, म्हणजे तोवर घरोबा झालेला होता. त्याच वर्षी क्रानाखने तांब्याच्या पत्र्यावर ल्यूथरचे पहिले चित्र कोरले. त्यातला ल्यूथर हडकुळा, मठवासी वेषातला आणि डोळ्यांत आग असलेला आहे. पुढच्या वर्षी वर्म्स येथील राजसभेत ल्यूथरने माघार घेण्यास नकार दिला. परतीच्या वाटेवर, २८ एप्रिल १५२१ रोजी, फ्रँकफर्टहून त्याने क्रानाखला पत्र लिहून कळवले की आपल्याला कोठेतरी लपवून ठेवले जाणार आहे. कोठे ते आपल्यालाही ठाऊक नाही. अशी गोष्ट माणूस ज्याला कळवतो तो नुसता ओळखीचा नसतो. वार्टबर्गच्या गडावर लपलेला, दाढी वाढवलेला, सरदाराच्या वेषातील ल्यूथर आपण चित्रांत पाहतो. तेही क्रानाखचेच काम.

पुढे मठातून निघालेल्या कॅथरिन फॉन बोरा हिला काही काळ क्रानाखच्या घरी आश्रय मिळाला. १३ जून १५२५ रोजी तिचा ल्यूथरशी विवाह झाला, तेव्हा जे मोजके साक्षीदार हजर होते त्यांत लूकस आणि त्याची पत्नी बार्बरा ही दोघे होती. ल्यूथरच्या पहिल्या मुलाचा धर्मपिताही क्रानाखच झाला.

मूळ विषयाकडे येण्याआधी हे ठसे कसे होत असत ते सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्यांचा जोर कळत नाही. चांगल्या वाळलेल्या, घट्ट लाकडाची सपाट फळी घ्यावयाची. तिच्यावर चित्रकार चित्र उलटे काढी, म्हणजे उजवे ते डावीकडे. मग कोरणारा कारागीर रेघांच्या मधला भाग पटाशीने व सुरीने खोदून काढी. रेघा तेवढ्या वर राहत. त्यांवर शाई फिरवून कागद दाबला की चित्र उमटे. आपल्याकडे कापडावर छाप मारणारे ठसे असतात, त्यांचीच ही भावंडे. मोठी सोय ही की लाकडी ठसा व शिशाचे खिळे एकाच चौकटीत बसत, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापून निघे. किंमत कमी. ज्याला वाचता येत नव्हते तो चित्र पाही, आणि बाजारात ज्याला वाचता येई तो खालच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवी. गर्दी जमे, हशा पिके. आपल्या महाराष्ट्रात त्याच शतकात पैठणच्या एकनाथांची भारुडे भोंदूपणाची सोंगे काढून लोकांना हसवत व विचार करायला लावत. विटेनबर्गला ते काम कागदाने केले.

१५२१ साली क्रानाखच्या ठशांचे एक छोटे पुस्तक निघाले. ख्रिस्त आणि ख्रिस्तविरोधी यांची चित्रमाला, असे त्याच्या नावाचे मराठीत सांगता येईल. त्यात २६ चित्रे होती, म्हणजे १३ जोड्या. चित्रांखालचा मजकूर मेलँक्थॉन आणि श्वेर्टफेगर नावाचा एक कायदेपंडित यांनी जुळवला. एका बाजूच्या चित्राखाली पवित्र शास्त्रातील वचने, समोरच्या चित्राखाली पोपच्या स्वतःच्या कायद्यांतील उतारे. पुस्तक उघडले की डाव्या पानावर प्रभू येशू आणि उजव्या पानावर पोप.

डाव्या पानावर शिपाई प्रभूच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट दाबून बसवीत आहेत. उजव्या पानावर पोपच्या मस्तकावर तिहेरी सोन्याचा मुकुट चढवला जात आहे. डावीकडे प्रभू गुडघे टेकून शिष्यांचे पाय धूत आहे (योहान १३); उजवीकडे पोप आसनावर बसून पाय पुढे करीत आहे आणि खुद्द सम्राट त्याचे चुंबन घेत आहे. डावीकडे प्रभू वधस्तंभाच्या ओझ्याखाली वाकून चालला आहे. उजवीकडे पोप पालखीत बसून माणसांच्या खांद्यांवरून चालला आहे. डावीकडे प्रभू गाढवावर बसून येत आहे, उजवीकडे पोप सजवलेल्या घोड्यावर. पेत्राने माशाच्या तोंडातून नाणे काढून कर भरला (मत्तय १७), ते एका बाजूस. धर्मगुरूंनी कर भरू नये हा पोपचा हुकूम दुसऱ्या बाजूस. प्रभू मंदिरातून सराफांना हाकलीत आहे. समोर पोप मंदिरातच बसून पापक्षमापत्रांवर शिक्के मारीत आहे आणि मेजावर पैशांची रास आहे. शेवटच्या जोडीत प्रभू स्वर्गात चढत आहे आणि पोपला दुरात्मे नरकाच्या आगीत खाली फेकीत आहेत.

माझ्या मते धर्मसुधारणेच्या काळात जी उपहासाची चित्रे निघाली, त्यांत याहून समर्थ काही नाही. शेवटचे पान सोडले तर उजवीकडच्या पानांत अतिशयोक्ती जवळजवळ नाहीच. पोपला खरोखर पालखीतून नेत असत. पाय पुढे केले जात आणि त्यांचे चुंबन घेतले जाई. मुकुट तिहेरीच होता. क्रानाखने वेडेवाकडे नाक काढले नाही, शिंगे काढली नाहीत. जे होते तेच काढले, फक्त त्याच्या शेजारी प्रभूला उभे केले. हसू येते ते त्या शेजारामुळे. ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. शंभर वर्षांपूर्वी प्राग शहरात यान हुसच्या अनुयायांनी घोड्यावरचा पोप आणि पायी चालणारा ख्रिस्त अशी चित्रे लोकांना दाखवली होती. पण तेव्हा छापखाना नव्हता. क्रानाखचे पुस्तक जर्मन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत निघाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या पुस्तकाचा एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहावा. उजवीकडची सगळी पाने झाकावी. उरलेल्या डाव्या पानांतून प्रभूच्या नम्रतेचे आणि दुःखसहनाचे धडे मुलांना शिकवता येतात. शास्त्रभाग तयार, चित्र तयार.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १५२२ मध्ये, ल्यूथरने गडावर बसून केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर बाहेर पडले. त्याचे प्रकाशक क्रानाख आणि त्याचा भागीदार क्रिस्टियान ड्योरिंग हे होते. पैसा त्यांचा, कागद त्यांचा. छापण्याचे काम मेलखिओर लॉटर याने केले. प्रकटीकरणाच्या पुस्तकासाठी क्रानाखच्या कारखान्याने पानभर आकाराची २१ चित्रे दिली. त्यांत अथांग डोहातून वर येणारे श्वापद आणि बाबेलची कलावंतीण यांच्या डोक्यांवर काय होते? पोपचा तिहेरी मुकुट! शेजारच्या प्रांताचा ड्यूक जॉर्ज हा कट्टर कॅथॉलिक होता. तो संतापला, तक्रार गेली. डिसेंबरमध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मुकुटांचे वरचे मजले नाहीसे झाले होते. ठशावर नवी रेघ घालणे कठीण, पण असलेली रेघ पटाशीने उडवणे सोपे. तसे केले गेले. १५३४ साली संपूर्ण जर्मन पवित्र शास्त्र नव्या ठशांसह निघाले, तेव्हा तिहेरी मुकुट पुन्हा जागेवर आले. तोवर विटेनबर्गवाल्यांना ड्यूकची पर्वा उरली नव्हती.

१५२३ चे एक पत्रक थोडक्यात सांगून पुढे जातो. रोममध्ये टायबर नदीच्या काठी गाढवाचे डोके असलेला एक राक्षसी प्राणी सापडला, आणि सॅक्सनीत मठवाशाच्या झग्यासारखी कातडी असलेले वासरू जन्मले, अशा दोन वदंता होत्या. त्यांची चित्रे छापून मेलँक्थॉनने एकाचा आणि ल्यूथरने दुसऱ्याचा अर्थ सांगितला की ही पोपशाहीवर आणि मठवासावर देवाने दिलेली चिन्हे आहेत. पत्रक खूप खपले. दोन विद्वान माणसांनी एका अधू वासरावर इतकी शाई खर्च करावी याचे मला नवल वाटते. परंतु तो काळच तसा होता.

दुसऱ्या बाजूचे लोकही गप्प बसले नव्हते. १५२२ साली टोमास मुर्नर या मठवाशाने ल्यूथरवाद्यांना महामूर्ख ठरवणारे सचित्र काव्य लिहिले. १५२९ साली कोख्लेउस याच्या पुस्तकावर एकाच झग्यातून सात डोकी निघालेल्या ल्यूथरचे चित्र झळकले; त्यातले एक डोके पागोटे बांधलेल्या तुर्काचे होते, आणि एकाभोवती गांधीलमाश्या घोंघावत होत्या. हत्यार एकदा बाजारात आले की ते कोणालाही विकत मिळते.

आता क्रानाखच्या आयुष्यातील सर्वांत अवघड भागाकडे येऊ. ज्या क्षमापत्रांच्या विक्रीवरून ३१ ऑक्टोबर १५१७ ची घटना घडली, ती मुख्यतः आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्या फायद्यासाठी चालली होती. ल्यूथरने आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच आल्ब्रेख्तला. पुढे तो कार्डिनल झाला. या आल्ब्रेख्तने हाल्ले शहरातील आपल्या चर्चसाठी सोळा वेदींची शंभरावर चित्रे मागवली. साधारण १५१९ पासून १५२५ पर्यंत ते काम चालू होते, आणि ते करीत होता लूकस क्रानाख. म्हणजे ज्या कारखान्यात एका मेजावर पोपला नरकात फेकणारा ठसा कोरला जात होता, त्याच कारखान्यात दुसऱ्या मेजावर कार्डिनलसाठी संतांच्या मूर्ती सोनेरी रंगात रंगवल्या जात होत्या. १५२५ साली तर त्याने आल्ब्रेख्तला संत जेरोमच्या रूपात, सिंहासह, अभ्यासिकेत बसलेला रंगवला.

याला काय म्हणावे? कित्येक लेखकांनी त्याला सरळ दुटप्पी व्यापारी म्हटले आहे. पैसा देईल त्याचे चित्र, असा हिशेब. हे सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. क्रानाखला पैसा कळत होता. पण त्या वर्षांत आजच्यासारखी दोन वेगळी चर्चे, दोन वेगळ्या पाट्या झालेल्या नव्हत्या. एकाच घराचे भांडण चालू होते आणि घर फुटेल की सावरेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. आल्ब्रेख्त सुधारणेकडे वळेल अशी आशाही काहींना होती. १५२५ साली ल्यूथरने स्वतः त्याला विवाह करण्याचा जाहीर सल्ला दिला होता. मी हे गुंद येथे बसून लिहीत आहे. गोव्याची हद्द आमच्या जोयडा तालुक्याला लागून आहे, आणि आमच्या रानातल्या वाड्यांतून कॅथॉलिक घरे आहेत. पेरणीला, लग्नाला आणि मयताला माणसे एकमेकांकडे जातात. वेदीवरचे मतभेद मनात ठेवून शेजाऱ्याचे काम नीट करून देणारा माणूस येथे कोणाला विचित्र वाटत नाही.

गोव्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. १५५६ साली गोव्यात छापखाना उतरला, तेव्हा क्रानाखला जाऊन तीनच वर्षे झाली होती. तो जेझुइटांच्या हाती होता, आणि १५६० साली तेथे इन्क्विझिशन सुरू झाले; तेव्हा धर्मगुरूंची टर उडवणारे चित्र त्या भूमीवर छापले जाणे शक्यच नव्हते. त्या छापखान्यांतून वेगळेच धन निघाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आपल्या मराठी भाषेतले पहिले मोठे ख्रिस्ती काव्य कॅथॉलिक हाताचे आहे, हे आपल्या शब्बाथ शाळांतून सांगितले जावे.

क्रानाखच्या घरावर १५३७ साली मोठा आघात झाला. थोरला मुलगा हान्स बापाच्या हाताखाली तयार झालेला गुणी चित्रकार होता. शिकण्यासाठी तो इटलीत गेला आणि बोलोन्या येथे ९ ऑक्टोबर रोजी मरण पावला. आईबाप स्वतःला दोष देऊ लागले की आपणच त्याला पाठवले. ल्यूथर त्यांच्या घरी जाऊन बसला. त्याने त्यांना समजावले की जाण्याचा सल्ला देणाऱ्यांत आपणही होतो, मग दोष आपल्याकडेही येतो. मुलगा देवाच्या इच्छेने गेला. त्यानंतर क्रानाखच्या सहीतला सापही बदललेला दिसतो. पूर्वी त्याचे पंख वटवाघळासारखे उभारलेले असत. आता ते पक्ष्याच्या मिटलेल्या पंखांसारखे झाले. १५४० साली बार्बराही गेली.

१५४५ साली ल्यूथर म्हातारा व आजारी होता आणि मनाने कडवट झाला होता. त्या वर्षी विटेनबर्गहून पोपशाहीवर आणखी एक चित्रमाला निघाली. ठसे क्रानाखच्या कारखान्याचे, खालच्या ओळी ल्यूथरच्या. त्यातली काही चित्रे या मासिकात वर्णन करण्याजोगी नाहीत. एक-दोन सांगतो. पोप डुकरावर बसला आहे. पोपच्या आसनावर गाढव बसून वाद्य वाजवीत आहे. पोपच्या फर्मानाकडे शेतकरी पाठ फिरवून जे करीत आहेत ते शिमग्याच्या बोंबेतच शोभावे. पोप व कार्डिनल फासावर लटकले आहेत. एका चित्रात पोपचा जन्म एका राक्षसिणीच्या पोटातून होताना दाखवला आहे. ते इतके उघडेवाघडे आहे की खुद्द ल्यूथरलाही रुचले नाही. मित्र आम्सडॉर्फला लिहिलेल्या पत्रात त्याने लूकसच्या ओबडधोबडपणाबद्दल नाराजी दाखवली आणि निदान स्त्रीजातीचा मान तरी राखायला हवा होता असे कळवले.

१५२१ चे पुस्तक आणि १५४५ ची चित्रमाला शेजारी ठेवून पाहिली की एक फरक चटकन दिसतो. पहिल्यात अर्धी पाने प्रभू येशूची आहेत. दुसरीत प्रभू कोठेच नाही. चोवीस वर्षांपूर्वी जो वाचक हसता हसता डाव्या पानाकडे वळत असे, त्याला आता वळायला पानच उरले नव्हते. नुसता हशा आणि त्याखाली राग. या चित्रांनी एखाद्या कॅथॉलिक माणसाचे मन वळले असेल असे मला वाटत नाही. ती आपल्याच बाजूच्या लोकांना खूश करण्यासाठी होती. असले बोलणे आपल्या सभांतूनही कधी कधी ऐकू येते आणि त्याला टाळ्याही पडतात.

पण त्याच सुमारास क्रानाख व त्याचा धाकटा मुलगा लूकस यांच्या हातून विटेनबर्गच्या नगरचर्चमधील मोठी वेदी तयार होत होती. ती १५४७ साली पुरी झाली. तिच्या एका भागावर मेलँक्थॉन बाळाला बाप्तिस्मा देत आहे, दुसऱ्यावर बुगेनहागेन पापकबुली ऐकत आहे, मधल्या भागावर प्रभुभोजनाचे गोल मेज आहे. खालच्या पट्टीवर ल्यूथर व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत आहे. एका बाजूस तो, दुसऱ्या बाजूस बायामुले धरून सारी मंडळी, आणि दोघांच्या मध्ये रिकाम्या दगडी भिंतीपुढे वधस्तंभावरचा ख्रिस्त. ल्यूथरचा एक हात शास्त्रावर आणि दुसऱ्या हाताचे बोट ख्रिस्ताकडे. या चित्रात कोणाचीही टर नाही. १५२२ साली विटेनबर्गमध्ये उत्साही लोकांनी चर्चमधील चित्रे फोडायला सुरुवात केली, तेव्हा ल्यूथर गडावरून धावत आला आणि त्याने उपदेशांनी ते थांबवले. ते थांबले नसते तर या वेदीला जागाच राहिली नसती.

ल्यूथर १५४६ च्या फेब्रुवारीत वारला. २४ एप्रिल १५४७ रोजी म्यूलबर्गच्या लढाईत प्रॉटेस्टंट फौजेचा पराभव झाला आणि इलेक्टर योहान फ्रेडरिक सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती कैदी झाला. क्रानाखच्या नातवंडांचा शिक्षक गुंडेराम याने पुढे थोडीशी माहिती लिहून ठेवली. तीत असे आहे की सम्राटाने छावणीत क्रानाखला बोलावून घेतले. चार्ल्स आठ वर्षांचा असताना क्रानाखने नेदरलँड्समध्ये त्याचे चित्र काढले होते, त्याविषयी सम्राटाने विचारपूस केली. म्हाताऱ्याने ती जुनी हकीकत सांगितली, आणि सम्राट प्रसन्न झालेला पाहून गुडघे टेकून आपल्या कैदी राजासाठी दयेची विनंती केली.

राजा सुटला नाही. पगार बंद, दरबार मोडलेला. क्रानाखला घर होते, दुकान होते, मुलगा हाताशी होता. विटेनबर्गला स्वस्थ राहता आले असते. परंतु १५५० साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयात, तो सर्व मुलाच्या हवाली करून कैदेतील राजाजवळ राहण्यासाठी ऑग्सबर्गला निघून गेला. ज्याला व्यापारी म्हणून नावे ठेवतात, त्याचे हे कृत्य कोणत्या हिशेबात बसते ते ज्याने त्याने पाहावे. (याच ऑग्सबर्ग शहरात ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन आणि रोमन कॅथॉलिक प्रतिनिधींनी, मनुष्य देवापुढे कृपेने विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो, या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.) १५५२ साली राजा सुटला, आणि दोघे वायमार येथे आले. तेथे क्रानाख आपल्या मुलीच्या व जावयाच्या घरी राहिला. १६ ऑक्टोबर १५५३ रोजी, एक्याऐंशी वर्षांचा होऊन, तो मरण पावला. थडग्याच्या दगडावर त्याला सर्वांत जलद हाताचा चित्रकार म्हटले आहे.

वायमारच्या नगरचर्चसाठी एक मोठी वेदी त्याच्या शेवटच्या काळात हाती घेण्यात आली होती. धाकट्या लूकसने ती १५५५ साली पुरी केली. मधोमध वधस्तंभावरचा ख्रिस्त आहे. डावीकडे पुनरुत्थित प्रभू मरणाला आणि सैतानाला पायाखाली तुडवीत आहे. उजवीकडे तिघे उभे आहेत. पहिला बाप्तिस्मा करणारा योहान, तिसरा उघडे शास्त्र हाती धरलेला ल्यूथर, आणि मध्ये पांढऱ्या लांब दाढीचा, हात जोडलेला म्हातारा लूकस क्रानाख. मुलाने बापाला तेथे उभे केले. चित्रात पोप नाही, कार्डिनल नाही, मठवासी नाही, तिहेरी मुकुटही नाही. प्रभूच्या कुशीतून रक्ताची एक बारीक धार निघाली आहे. ती मध्ये कोणाच्याही हाताला न लागता हवेतून वळत येते आणि थेट त्या म्हाताऱ्याच्या उघड्या डोक्यावर पडते.